कंबर दुखते, मग बरगड्यांवर हात कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४७. डोंबिवलीत घरूनच पोळी-भाजीचं काम करते. रोज दीडशेच्या वर पोळ्या होतात. तीन वर्षं कंबर दुखतेय, सकाळी उठताना आणि कणकेचं पातेलं उचलताना जास्त. एक्स-रेमध्ये 'वयाप्रमाणे थोडी झीज' निघाली. सासूबाईंच्या आग्रहाखातर गावी जाऊन पायाळू माणसाची लाथही खाऊन आले. आता महिनाभर फिजिओथेरपी चालू आहे. तिथल्या मॅडम थोडा वेळ कंबर दाबतात आणि उरलेला वेळ खालच्या बरगड्यांवर हात ठेवून 'श्वास घ्या, सोडा' म्हणत बसतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे. कंबरेचा आणि श्वासाचा काय संबंध? मणका एकदाच जागेवर बसवून मिळणार नाही का? (लिहायला संकोच वाटतो, पण शिंकताना थेंबभर लघवीही जाते. ते वेगळं दुखणं असेल तर सोडून द्या.)

उत्तर : ताई, तुम्ही कंसात टाकलेलं वाक्यच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ते मुळीच सोडून द्यायचं नाही.

पोट म्हणजे एक डबा समजा. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, हे त्याचं झाकण. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी आहे, तो बूड. पुढून आणि बाजूंनी पोटाचे स्नायू, मागे कणा. या झाकणाच्या मागच्या दोन पट्ट्या थेट कंबरेच्या मणक्यांना चिकटलेल्या असतात, उजवी वरच्या तीन मणक्यांना आणि डावी वरच्या दोन. शिवाय कंबरेचा एक चौकोनी स्नायू शेवटच्या बरगडीपासून खाली कमरेच्या हाडापर्यंत जातो. म्हणजे बरगड्यांवर हात ठेवणाऱ्या मॅडम तुमच्या कंबरेपासून फार लांब गेलेल्या नाहीत.

श्वास घेताना झाकण खाली येतं, डब्यातला दाब वाढतो आणि कण्याला आतून टेकू मिळतो. आपण हात झटकन उचलतो तेव्हा हात हलण्याआधीच श्वासपटल आवळलेलं असतं, हे प्रयोगांत दिसलंय. पण धाप लागली की ते आधी श्वासाचं काम बघतं आणि टेकूचं काम मागे पडतं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या ३८ हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. पाठदुखीचं नातं वजनापेक्षा श्वासाच्या त्रासाशी आणि लघवीवरचा ताबा सुटण्याशी जास्त घट्ट निघालं. एकामुळेच दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण तुमची शिंक आणि तुमची कंबर एकाच डब्याच्या गोष्टी आहेत, एवढं धरून चला.

माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या बायका आल्या की मी त्यांना पोळपाट-लाटणं घेऊन यायला सांगते. आधी हसतात. मग टेबलाशी उभ्या राहून लाटायला लागतात, आणि मला हवं ते दिसतं : पोट ओट्याला टेकलेलं, खांदे कानाशी, श्वास कोंडलेला. कणीक तिंबताना तर विचारूच नका. तुम्हीही उद्या स्वतःकडे बघा.

आता लाथेबद्दल. माझे मामा पायाळू होते. लहानपणी आमच्या दारात उसण भरलेली माणसं यायची आणि मामा बिचारे घाबरत घाबरत पाठीला अंगठा लावायचे. बहुतेकांना बरं वाटायचं, कारण उसण बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत आपली आपणच उतरते. तुमच्या वयात मात्र लाथा नकोत.

मणका जागेवरून हललेलाच नाही, तर बसवणार काय? हाताने दाबताना 'कट' वाजतं तो सांध्यातल्या वायूचा आवाज. हाताच्या उपचाराने दुखणं काही काळ बेताचं कमी होतं, साधारण व्यायामाने होतं तितकंच. तेव्हा तुमचे ते दोन बरे दिवस म्हणजे उपचार फसला असं नाही. ती उसंत आहे, तिच्यात काम उरकायचं.

काम असं : उताणं पडा, पोटऱ्या खुर्चीवर. दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला पसरू द्या. बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा हळू सोडा. पाच-सहा श्वास, मग थांबा. मोठाले श्वास ओढू नका, चक्कर येते. हे जमलं की खरी परीक्षा पातेल्याशी. उचलायच्या क्षणी फुंकर सुरू करा आणि लघवी रोखताना आवळतो तसं खालून आवळा. शिंक येतेय असं वाटलं तरी आधी आवळायचं. लघवी करता करता मध्येच रोखून सराव मात्र करू नका. ओट्याखाली पाट ठेवून एकेक पाय आलटूनपालटून त्यावर टेकवा, आणि तीसेक पोळ्या झाल्या की गॅस बारीक करून खोलीभर चाला. गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबेल.

मात्र बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा अजिबात आवरेनाशी झाली, पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप किंवा विनाकारण घटणारं वजन सोबत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर नको. शिंकेच्या थेंबांचं तुमच्या मॅडमना सांगा. त्यांनी विचारलं नसेल, पण तुम्हीही सांगितलं नसणार.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा. कंबरेला दिवसभर पट्टा बांधतो. चालेल ना?

उत्तर : काका, जुनाट कंबरदुखीसाठी पट्ट्याची सरसकट शिफारस करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या सूचनांत म्हटलंय. एसटीच्या लांबच्या प्रवासात एखादा दिवस बांधलात तर माझी हरकत नाही. घरी आलात की खुंटीला लावा आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालत जा.