मर्सात ताफ्यासोबत मुक्काम: सूर्य, साखळी आणि पाणी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले सहा जण, चाळीस फुटी यॉट, सात-आठ बोटींच्या ताफ्याबरोबर तांबड्या समुद्रातून उत्तरेकडे प्रवास, आणि वाटेत इजिप्तच्या दक्षिण किनाऱ्यावर एखाद्या निर्जन मर्सात, म्हणजे किनाऱ्यातल्या छोट्या खाडीत, तीन दिवस मुक्काम; तो नीट कसा करायचा? खडकवासल्यात शीड हाताळायला शिकता येतं, नांगरावर रात्र काढायला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुदानचा किनारा सध्या बादच धरा, तिथे एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. बाब-अल-मंदेबमधून (तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या सामुद्रधुनीतून) वर यायचा बेत असेल तर आधी विमा कंपनीला विचारा, बहुतेक तिथेच विषय मिटेल.

या किनाऱ्याला लागून प्रवाळाची भिंत असते. वाळवंटातली वादी (कोरडं नदीपात्र) जिथे समुद्राला मिळते तिथे त्या भिंतीत खिंडार असतं, त्यातून आत गेलं की मर्सा. खिंडार अरुंद आणि जुने नकाशे जीपीएसशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे शेवटचे दोनशे मीटर डोळ्यांनीच पार करायचे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आत शिरताना तोंड पश्चिमेला असतं. सूर्य पाठीशी आणि पुरेसा वर हवा, म्हणजे साधारण सकाळी नऊ ते बारा. दुपारी दोननंतर पाणी नुसतं चमकतं, खाली काय आहे ते दिसतच नाही. पोलराइज्ड चष्मा लावून एक जण नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर), जमलं तर आणखी एक डोलकाठीच्या पहिल्या आडव्या दांड्यापर्यंत वर. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळा डाग म्हणजे पाण्याखाली हातभरावर प्रवाळ. ढगाची सावलीही तपकिरीच दिसते, पण ती सरकते. आत येतानाचा ट्रॅक प्लॉटरवर (नकाशा दाखवणाऱ्या जीपीएस यंत्रावर) जपून ठेवा. पहाटे वारा पडलेला असताना निघायचं झालं तर तीच एक खात्रीची वाट.

आता गणित. पन्नास सागरी मैलांचा टप्पा पाच नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने दहा तासांचा. सकाळी दहाला पोचायचं तर मध्यरात्रीच भर समुद्रात असायला हवं. उत्तरेचा वारा तोंडावर असतो, पाचाचे तीन नॉट कधी होतात कळत नाही. ताफ्यातले बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात: पुढचे चौघे आत जाऊन चहा पितायत, मागचे दोघे संध्याकाळी पाचला खिंडारासमोर, आणि रेडिओवर ‘या हो, आम्ही आलो ना!’ अशा वेळी जाऊ नका. किनाऱ्यापासून लांब, शीड कमी करून रात्र बाहेर काढा. कंटाळवाणं आहे, पण बोट शाबूत राहते.

आत सगळ्यांत आधी एकाच बोटीने जावं, खोली मोजून व्हीएचएफ रेडिओवर सांगावी. चॅनल ७२ वगैरे ठरवून ठेवा, पॉवर १ वॉट पुरते. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने एकेक. पहिल्याने ऐसपैस मध्यभागी न थांबता जमेल तितकं आत जावं, नाहीतर शेवटच्याला प्रवाळावरच जागा उरते.

नांगराची साखळी किती सोडायची याचा हिशोब नुसत्या पाण्याच्या खोलीवर नाही, नाळेच्या उंचीसकट करायचा. ८ मीटर पाणी, १.२ मीटर नाळ, म्हणजे ९.२. शांत हवेत पाचपट, ४६ मीटर, वाऱ्यात सातपट, सुमारे ६५. त्यात बोटीचे १२ मीटर मिळवा, म्हणजे नांगराभोवती तुमचं वर्तुळ पाऊणशे मीटर त्रिज्येचं. शेजारच्याने साखळीऐवजी दोर सोडला असेल तर तो वेगळा फिरतो, कॅटमरान (जुळ्या तळाची बोट) आणखी वेगळी. रात्री वारा उलटून डोंगराकडून आला की याची परीक्षा होते. म्हणून किती साखळी सोडली ते प्रत्येकाने रेडिओवर सांगायचं, लाजायचं नाही.

नांगर फक्त वाळूवर टाका. बोट मागे सरकेल तशी साखळी सोडा, मग रिव्हर्समध्ये हळूहळू २००० आरपीएमपर्यंत नेऊन मिनिटभर धरा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का पाहा. त्याच वेळी नाळेवरच्या रोलरच्या पुढे साखळीवर हात ठेवा: ताणलेली पण गप्प असेल तर नांगर धरलाय, गुरगुर किंवा हिसके जाणवले तर तो खडकावरून घसरतोय. त्यानंतर स्नॉर्कल लावून पाहून या. साखळी प्रवाळाच्या गोळ्याला गुंडाळली गेली की साठ मीटरची दहा मीटर होते आणि लाटेचा हिसका थेट विंडलासवर (साखळी ओढायच्या यंत्रावर) बसतो. उपाय: नांगराजवळची साखळी तळाशी राहू द्या, पुढे दहा-पंधरा मीटर अंतराने तिला फेंडर (बोटीच्या कडेला लावतात ते हवेचे फुगे) बांधा, म्हणजे ती प्रवाळावरून तरंगते. शिवाय ८-१० मीटर नायलॉनचा स्नबर (साखळीला बांधायचा, हिसका झेलणारा लवचिक दोर) हवाच. १२ मिलिमीटरचा दोर बोहरी आळीत मिळतो, फक्त नायलॉनच आहे ना ते विचारा. पॉलिप्रॉपिलीन ताणत नाही, उन्हात कुजतं.

पाणी: माणशी रोज ५ लिटर पिण्या-स्वयंपाकाला, सहा जणांना आठवड्याला २१० लिटर. निम्मं तरी कॅनमध्ये ठेवा, एक टाकी खराब झाली तर सगळं जातं. वॉटरमेकरच्या (समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर राहू नका. हा समुद्र जास्त खारट असल्याने पाणी कमी मिळतं, आणि मर्सातल्या गढूळ पाण्यात ५ मायक्रॉनचा प्रीफिल्टर चटकन तुंबतो. वॉटरमेकर बाहेर, खुल्या समुद्रात चालवा.

किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी लष्कराची चौकी असते. इजिप्तमध्ये रीतसर प्रवेश झाल्याशिवाय पाय ठेवू नका, पासपोर्टच्या प्रती आणि क्रू लिस्ट हाताशी ठेवा. उतरायची परवानगी मिळाली तरी फक्त गाड्यांच्या जुन्या चाकोरीतूनच चाला, कारण या किनाऱ्याच्या काही भागांत सुरुंग आहेत. उथळ पाण्यात जाड तळाचे बूट घाला आणि पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे पाकट आधीच पळतो. स्टोनफिश (दगडासारखा दिसणारा, विषारी काट्यांचा मासा) मात्र हलत नाही. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. बुडवण्याआधी पाणी धडधाकट माणसाने हाताने तपासावं, वेदनेत जखमी माणसाला भाजलेलंही कळत नाही.