टेकडीवर घाणेरी माजली आहे. कापावी, जाळावी की तणनाशक मारावं?

तुम्ही लिहिलंय की गावामागच्या टेकडीवर घाणेरीचं, म्हणजे लँटानाच्या काटेरी झुडपांचं, रान झालंय, तुम्ही आठ-दहा जण आहात आणि हाताशी फक्त रविवार आहे. आमचीही सुरुवात अशीच झाली, पुण्याजवळच्या एका टेकडीवर. म्हणून आधी आमची फजिती सांगतो.

पहिल्या वर्षी पंधरा जण कोयते घेऊन चढलो. दुपारपर्यंत अर्धा उतार मोकळा. फोटो काढले, मिसळ हाणली, घरी गेलो. पावसाळा सरता सरता पाहतो तर एकेका खुंटाला सहा-सात धुमारे. आम्ही घाणेरी काढलीच नव्हती, तिची छाटणी करून आलो होतो.

जाळायचं तर नावच काढू नका. वरचा पाला जळतो, मातीतला बुडखा जिवंत राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतो. मरतात ती कोवळी रोपं, चंडोलाची घरटी, सरडे. तणनाशकही मी मारणार नाही. उतारावरचं पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीतच जातं.

काम झालं ते दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पद्धतीने. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातही ती वापरली गेली आहे. फुटवे येतात ते खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीतून. त्यामुळे सगळं मूळ खणत बसायचं नाही. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. सरळ टाकलं तर ओल्या मातीत पुन्हा रुजतं. माती फारशी उकरली जात नाही, हा यातला मोठा फायदा. हे पावसाळ्यात करा, जमीन मऊ असते. काळी फळं पिकायच्या आत केलंत तर उत्तम. ती फळं बुलबुल आणि मैना खातात आणि झाडावर बसून बी खाली टाकतात. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांच्या खालीच आधी बघायचं, कोवळी रोपं तिथे सापडतात आणि हातानेही उपटतात.

सगळी टेकडी एका दमात उघडी करू नका. दुसरी फजिती तीच. मोठा पट्टा साफ केला आणि पुढच्या पावसात तिथे गाजर गवत आणि तो पिवळा-केशरी कॉसमॉस, ज्याच्यात उभं राहून लोक सप्टेंबरात सेल्फी काढतात. मोकळी माती कुणीतरी व्यापणारच. आता आम्ही छोटे तुकडे घेतो आणि तिथे लगेच गवताचं बी टाकतो : मारवेल, पवन्या, कुसळी. बाकीची घाणेरी तोवर राहू दे, सशांना आणि पाखरांना आडोसा लागतो. शिवाय तिच्या काट्यांच्या आड शेळ्यांपासून वाचलेली चंदनाची रोपंही आम्हाला मिळाली. झुडपात कुदळ घालायच्या आधी आत डोकावून बघा.

आणि साफ झालेल्या जागी वृक्षारोपणाचा बॅनर लावू नका, अगदी सरपंचांचा आग्रह असला तरी. टेकडी मुळातच गवताळ असेल तर ती गवताचीच राहू द्यावी. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाईसाठी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा वृक्ष लावला गेला, आज त्याच्या दाटीखाली फारसं काही उगवत नाही.

टेकडी वनखात्याची असेल तर आधी वनरक्षकाला भेटा आणि परवानगी लेखी घ्या. अभयारण्यात तर १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय काडीही हलवता येत नाही. हातमोजे जाड घ्या. गाजर गवत उपटताना पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच, आमच्यातल्या एकाच्या हातावर महिनाभर पुरळ होतं. काढलेल्या घाणेरीचा पाला गुरांच्या तोंडी लागू देऊ नका, तो विषारी असतो.

गवताचं बी कुठून आणायचं, हे पुढे विचारालच. आम्ही बाजारात शोधत होतो. टेकडीवर शेरडं चारणाऱ्या बाबांनी एका संध्याकाळी कातळामागची जागा दाखवली, तिथे मारवेल अजून गुडघाभर उभं होतं. दिवाळीनंतर बी पिकल्यावर पोतं घेऊन जातो. तुमच्याकडेही असे कुणीतरी बाबा असतील.