नमुना बिघडतो तो जंगलातच

प्रश्न : झाडाची जात डीएनएवरून ओळखायची आहे. पानांतून डीएनए निघतो, पण पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) बँडच, म्हणजे त्या तुकड्याचा पट्टाच, येत नाही. काय चुकतं?

आधी काढलेला डीएनए जेलवर (विजेच्या प्रवाहानं डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) चालवा. वर ठळक पट्टा न दिसता खालपर्यंत ओघळ दिसला, तर डीएनएचे तुकडे झालेत आणि चूक पान सुकवण्यात आहे. कागदात दाबून आठवडाभर सुकलेलं पान हर्बेरियमला (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) चालतं. डीएनएचा मात्र तेवढ्या वेळात पेशींतली विकरं (एन्झाइम) चुरा करतात. कोवळं, बुरशी नसलेलं पान घ्या. त्याच्या बोटभर पट्ट्या फाडून, कागदी पिशवीत घालून, वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे खडे) ठेवा. दुसऱ्या दिवशी पट्टी कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर लगेच सिलिका बदला.

पट्टा ठळक आहे, पण द्रावण तपकिरी? मग पानातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं पीसीआरच्या आड येताहेत. सीटॅब बफरमध्ये (डीएनए काढायचं द्रावण) पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ही त्यांना आवरणारी रसायनं घाला (हे काम फ्यूम हूडखालीच, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच). त्याआधी डीएनए दहापट पातळ करून बघा. अडथळा आणणारी द्रव्यंही पातळ होतात, आणि अनेकदा तेवढ्यानं भागतं.

आणि त्याच झाडाची फुला-फळांसकट फांदी हर्बेरियमसाठी घ्याच, दोन्हींना एकच क्रमांक देऊन. ती नसेल तर पुढे शंका आल्यावर पडताळणार कशाशी?

प्रश्न : आरबीसीएल आणि मॅटके (जात ओळखायला वापरतात ती हरितलवकातली जनुकं), दोन्हींचे डीएनए-क्रम मिळाले. तरी जात ठरत नाही.

प्राण्यांत सीओआय या जनुकाचा सुमारे 650 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा बहुतेकदा पुरतो. वनस्पतींचं तसं नाही. ओक, विलो अशा गटांत जाती आपसांत संकर करतात, आणि हरितलवकाचा डीएनए सपुष्प वनस्पतींत बहुधा आईकडूनच येतो. त्यामुळे संकरित झाडाला फक्त मातृजातीचं नाव मिळतं. म्हणून आई-बाप दोघांकडून येणाऱ्या केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस2 हा तुकडाही जोडा. डेटाबेसमध्ये 99 टक्के जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका : तिथली नोंद चुकीच्या नावानं असेल, किंवा तुमची जात तिथे नसेलच.

प्रश्न : रोपवाटिकेसाठी एकाच भरघोस झाडाचं बी चालेल का?

नाही. ती सगळी रोपं भावंडं होतील. त्यांच्यात परागण झालं की पुढच्या पिढीत बी कमी रुजतं, रोपं खुरटतात. निदान 30, जमल्यास 50 मातृवृक्ष निवडा, एकमेकांपासून 100 मीटर दूर. एकटं उभं झाड टाळा, त्यात स्वपरागण जास्त. प्रत्येकाचं बी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पेरताना सगळ्यांचं सारखंच घ्या.