पणजोबा केपटाउनला कसे गेले? परदेशस्थ मुस्लीम समाजांच्या अभ्यासाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : इतिहासात एम.ए. केलं आहे. ‘ब्रिटनमधले मुस्लीम’ या विषयावर पीएचडी करायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, विषय फार पसरट आहे. (महाड)

उत्तर : मार्गदर्शकांचं बरोबर आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची बरीच पाकिस्तानी कुटुंबं पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडची. १९६० च्या दशकात तिथे मंगला धरण झालं, लाखभर लोक विस्थापित झाले आणि त्यातले अनेकजण आधीच गेलेल्या भाऊबंदांच्या मागोमाग इंग्लंडच्या गिरण्यांत कामाला लागले. पूर्व लंडनमधले बांगलादेशी मुख्यतः सिल्हेटचे, आणि त्यांना वाट दाखवली ती जहाजांवरच्या खलाशांनी. ब्रिटनबाहेर पाहिलं तर बर्लिनमधला तुर्की समाज १९६१ च्या पश्चिम जर्मनी-तुर्कस्तान कामगार करारातून उभा राहिला. धर्म तिघांचाही इस्लाम, पण घर सोडण्याची कारणं तीन तऱ्हेची.

म्हणून एक जिल्हा, एक धंदा आणि वीस-तीस वर्षांचा काळ ठरवा. ‘मुस्लीम आहेत म्हणून ते असं करतात’ असं वाक्य प्रबंधात लिहावंसं वाटलं, तर आधी मजुरी, घरभाडं आणि प्रवेशाचे कायदे तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

प्रश्न : माझे पणजोबा केपटाउनला दुकानात कामाला होते. घरात त्यांचा एक फोटो आणि दोन पत्रं आहेत. एवढ्यावर संशोधन होतं का? (दापोली)

उत्तर : होतं, आणि ते तुम्हीच करावं असं मला मनापासून वाटतं. रत्नागिरी, तेव्हाचा कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थानातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जात होते. दक्षिण आफ्रिकेतले भारतीय म्हटलं की आपल्याला तिथल्या नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांतले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, आठवतात. हे लोक तसे नव्हते. ते स्वतःच्या खर्चाने, कुणा नातेवाइकाच्या भरवशावर निघायचे आणि दुकानात, फेरीवर किंवा मजुरीवर दिवस काढायचे.

१९०२ नंतर केपमध्ये प्रवेशाचे कायदे कडक झाले. नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता येणं सक्तीचं झालं. आधीपासून राहणाऱ्याला गावी यायचं तर परवाना काढावा लागे आणि मुदतीत परतलं नाही तर तिथला हक्क जाई. हे परवाने देणाऱ्या कचेरीच्या फायली केपटाउनमध्ये रोलंड स्ट्रीटवरच्या पुराभिलेखागारात आहेत. परवान्यांवर माणसाचा फोटो आणि अंगठ्याचे ठसे सापडतात. मुलाला बोलावून घ्यायचं तर तो खरोखर आपलाच मुलगा आहे हे सिद्ध करावं लागे, त्यासाठी भारतातून दाखले जायचे. गावांची नावं गोऱ्या कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली. परदेशी अभ्यासक तिथे अडतो. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या भागातली गावं पाठ असलेल्या माणसाला ती चटकन ओळखू येतील.

तुमच्याकडचा फोटो अशाच परवान्यासाठी काढलेला असेल, तर त्याची जोडप्रत तिथल्या फायलीत असण्याची शक्यता आहे. मागे कसला शिक्का, आकडा किंवा स्टुडिओचं नाव आहे का ते पाहा. पत्रं कुणालाही मूळ प्रतीत देऊ नका. आधी स्कॅन करा. गावच्या बाजूने सातबारा, फेरफार, जमातीच्या वह्या, मशिदीच्या बांधकामाची वर्गणी हे सगळं तपासा. जुने कागद मोडी लिपीत असतील, तेव्हा ती लिपी शिकून घ्या.

आणि बायकांना विसरू नका. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी हसन ईसप यांची पत्नी बाई मरियम हिला प्रवेश नाकारला. तिचा निकाह इस्लामी पद्धतीने झालेला, आणि तो तिथला कायदा मानत नव्हता. त्या निकालानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, आणि १९१४ च्या कायद्याने एका पत्नीला मान्यता मिळाली. पण पत्नी म्हणून जाता येणं आणि प्रत्यक्ष जाणं यांत फार अंतर होतं. कितीतरी कोकणी पुरुषांची बायकामुलं गावीच राहिली, काहींनी तिकडे केप मलाय, म्हणजे केपमधल्या जुन्या मुस्लीम समाजाच्या, कुटुंबांत दुसरा संसार मांडला. तुमच्या पणजीने इकडची शेती कशी सांभाळली, मनिऑर्डर बंद पडली तेव्हा काय केलं? माझ्या मते खरा प्रबंध या प्रश्नात आहे.

प्रश्न : मी पुण्याची, हिंदू. मुहल्ल्यातले लोक माझ्याशी बोलतील का? (पुणे)

उत्तर : बोलतील, पण आधी तुम्ही कोण, कुठल्या विद्यापीठाच्या, लिहिलेलं कोण वाचणार हे ते विचारतील. विचारू द्या. आजच्या वातावरणात परदेशातले नातेवाईक, पैसे, पासपोर्ट याबद्दल अनोळखी माणसाने चौकशी केली की धडकी भरते, ती भीती खोटी नाही. पहिल्याच भेटीत रेकॉर्डर काढू नका. परवानगी मराठीत किंवा उर्दूत लेखी घ्या, नावं आणि गावं बदला, आणि लिहिलेला भाग त्यांना वाचून दाखवा. नको म्हणाले तर तो भाग काढायचा, मग तो कितीही चांगला असो.

प्रश्न : देशवार लोकसंख्येचे आकडे कुठे मिळतील? (नांदेड)

उत्तर : इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २००१ पासून धर्माचा ऐच्छिक प्रश्न आहे. २०२१ मध्ये सुमारे ३९ लाख लोकांनी, म्हणजे ६.५ टक्क्यांनी, इस्लाम नोंदवला. फ्रान्स आणि अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारतच नाहीत, त्यामुळे तिथले आकडे अंदाजी असतात. अंदाजी आकडा वापरलात तर तसं स्पष्ट लिहा.

प्रश्न : परदेशात शिकायला पैसे कुठून आणायचे? (औरंगाबाद)

उत्तर : ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ आणि फेलिक्स या शिष्यवृत्त्या पाहा. फेलिक्सवर लंडनच्या सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या संस्थेत जाता येतं, आणि हा विषय तिथे उत्तम शिकवतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण २०२२ मध्ये तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे संशोधन विषय वगळले. त्याच वर्षी अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. हे दोन्ही निर्णय मला अन्यायाचे वाटतात, कारण ज्यांच्या घरात हे कागद पडून आहेत त्याच मुलांची वाट त्यांनी अडवली.

अर्जाआधी संभाव्य मार्गदर्शकांना दोन पानांचं टिपण पाठवा. त्यात तुमच्याकडे कोणते कागद आहेत, कोणत्या भाषा येतात आणि कुठल्या गावात तुम्हाला दार उघडतं, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा.