रोध की प्रतिरोध? आणि तारेतून व्होल्ट जातात का?

प्रश्न असा आहे : 'शाळेच्या पुस्तकात रेझिस्टन्सला, म्हणजे तार विजेला जी अडवणूक करते तिला, "रोध" म्हटलंय, क्लासच्या नोट्समध्ये "प्रतिरोध" आणि एका लेखात चक्क "विरोध". बरोबर कोणता? आणि पॉवरला शक्ती म्हणायचं की क्षमता?'

रोध लिहा. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत तोच आहे, आणि तो नेमकाही आहे. हे सगळे शब्द 'रुध्' म्हणजे अडवणे या एकाच धातूचे. फरक पडतो तो उपसर्गामुळे. 'विरोध' म्हटलं की तो करणारा कोणीतरी लागतो आणि त्याची इच्छाही लागते. इस्त्रीतल्या नायक्रोमच्या (तापणाऱ्या मिश्रधातूच्या) तारेला इच्छा नसते. 'अवरोध' म्हणजे वाटेत येऊन पडलेला अडथळा, उचलून बाजूला ठेवता येईल असा. तारेचा रोध तिच्या धातूत, लांबीत आणि जाडीत मुरलेला असतो : लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट, छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की निम्मा. 'प्रतिरोध' चूक नाही, पण तो हिंदी पुस्तकांतला रुळलेला शब्द. मराठीत सुटसुटीत 'रोध' हाताशी असताना 'प्रति' कशाला ओढून आणायचा?

वस्तूला, म्हणजे रेझिस्टरला, 'रोधक' म्हणताना मात्र जरा सांभाळा. जलरोधक कापडातून पाणी मुळीच जात नाही. रस्त्यावरचा गतिरोधक गाडी जाऊ देतो, फक्त मंद करतो. सर्किटमधला रोधक गतिरोधकाच्या जातीचा. (पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत मागताना 'शंभर ओहमचा रेझिस्टन्स द्या' एवढंच म्हणा. दुकानात वस्तू आणि गुणधर्म दोन्हींना एकच शब्द चालतो.) रोधाच्या एककाचं, 'ओहम'चं म्हणाल, तर ते एका जर्मन शास्त्रज्ञाचं नाव, आणि जर्मनमध्ये त्यातला ह उच्चारत नाहीत, तो फक्त ओ लांबवतो. त्या हिशेबाने 'ओम' बरोबर. पण पाठ्यपुस्तकांनी 'ओहम' रुजवला आहे आणि तोच राहू द्यावा. 'शंभर ओम' ऐकलं की आपल्याकडे जपाची माळ आठवते.

याहून महागात पडणारी गफलत शब्दयोगी अव्ययांत आहे. 'या तारेतून २३० व्होल्ट जातात' हे वाक्य रोज कानावर पडतं. तारेतून जाते ती धारा (करंट). व्होल्टमध्ये मोजतात ते विभवांतर (व्होल्टेज), आणि ते दोन बिंदूंमध्ये असतं, 'अंतर' त्या शब्दात बसवलेलंच आहे. रोध तारेचा, शक्ती उपकरणाची. विभवांतरासाठी महावितरणचा 'दाब' हा शब्दही उत्तम, उच्चदाब आणि लघुदाब त्यातूनच आले; फक्त दाबाचा फरक नेहमी दोन ठिकाणांमधला, हे विसरू नये.

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर हेच व्याकरण पाळतो. विभवांतर 'मध्ये' असतं, म्हणून दोन्ही पिना उपकरणाच्या दोन टोकांना लावायच्या, म्हणजे समांतर. धारा 'तून' जाते, म्हणून वाट एका ठिकाणी तोडून मीटर त्यातच बसवायचा, म्हणजे एकसर. रोध तारेचा स्वतःचा, म्हणून तो मोजताना पुरवठा बंद आणि प्लग काढलेला हवा. अँपिअरवर ठेवलेला मीटर चुकून सॉकेटच्या दोन भोकांत घातला तर काय होईल? त्या जागी मीटरचा रोध जवळपास शून्य. २३० ला शून्याजवळच्या आकड्याने भागा. नशीब असेल तर मीटरमधला फ्यूज जातो, नसेल तर मीटर हातात फुटतो.

आता हिशेब. रोध = विभवांतर ÷ धारा, शक्ती = विभवांतर × धारा. हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेते, म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. प्लग काढून पिनांमध्ये मोजलात (थर्मोस्टॅट चालूवर ठेवून) तर मीटरही साधारण तेच दाखवतो, कारण नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब मात्र फसवतो. हिशेबाने त्याचा रोध ८८२ ओहम, आणि मीटर दाखवतो जेमतेम साठ-सत्तर. मीटर बिघडलेला नाही. ८८२ हा आकडा पेटलेल्या, अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेल्या टंगस्टनचा आहे. थंड तारेचा रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हे सरळ गणित तापणाऱ्या वस्तूंचं. पंखा, मिक्सर, पंप यांना पॉवर फॅक्टर (दाब आणि धारा यांचे चढउतार एकाच वेळी न होणं) आडवा येतो, आणि तिथे व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे कॉइलचा रोध नव्हे.

पॉवरला 'शक्ती'च म्हणा. 'अश्वशक्ती' कधीपासून रुळलेला आहे, एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. 'क्षमता' गिझरच्या टाकीला शोभते : १५ लिटर क्षमता, २००० वॅट शक्ती. आणि शक्ती ही कायमची शिक्का मारलेली नसते. त्या गिझरचा रोध २६.४५ ओहम, दाब २०० व्होल्टवर उतरला की शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून १५१२ वॅटवर येते. दाब १३ टक्के कमी, शक्ती २४ टक्के कमी. 'आज पाणीच तापत नाहीये' ते यामुळे.

शेवटी एक शब्द, जो विचारलेला नाही पण बातम्यांत सर्रास चुकतो : 'किलोवॅट प्रतितास'. 'प्रति' म्हणजे भागाकार, आणि वीजबिलातलं युनिट हा गुणाकार आहे, किलोवॅट गुणिले तास. म्हणून 'किलोवॅट-तास'. 'प्रतितास' लिहायची हौस असेल तर ते युनिटला लावा : हा गिझर पूर्ण दाबावर सलग चालला तर प्रतितास दोन युनिटं खातो.