डिस्ट्रिब्युटर म्हणतो, ट्रेडमार्क मीच करून देतो

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणींनी जॅम आणि सॉसचा छोटा ब्रँड सुरू केलाय. नावासाठी आमच्या देशात 4 महिन्यांपूर्वी अर्ज टाकला, अजून मंजुरी नाही. आता परदेशातला एक डिस्ट्रिब्युटर माल मागतोय आणि म्हणतोय, तिथलं ट्रेडमार्क मीच करून देतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सगळ्या जगासाठी एकच रजिस्ट्रेशन मिळतं का? आमच्यासारख्यांना ते झेपेल का?

उत्तर : आधी त्या डिस्ट्रिब्युटरचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. त्याच्या नावावर अर्ज अजिबात होऊ देऊ नका. बऱ्याच देशांत जो आधी अर्ज करतो त्याचं नाव, तुम्ही ते किती वर्षं वापरताय याला तिथे फारशी किंमत नसते, आणि उद्या तुमचं त्याच्याशी फाटलं की तुमचाच ब्रँड तिथे त्याच्या मालकीचा, दुसऱ्या कुणामार्फत माल पाठवला तर तो अडवूसुद्धा शकतो. माणूस चांगला असेलही, पण कागदावर मालक कोण हेच शेवटी बघितलं जातं. फी तो भरतोय तर भरू दे, फक्त अर्जदार म्हणून तुमच्या फर्मचं नाव हवं आणि त्याला नाव वापरायची परवानगी करारात लिहून द्या, करार संपला की परवानगी संपली हेही त्यातच लिहा. पहिला माल निघायच्या आधी हे व्हायला हवं.

आता तुमचा मूळ प्रश्न. सगळ्या जगाला चालेल असं एकच ट्रेडमार्क नसतं. असते ती माद्रिद सिस्टिम, जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना म्हणजे वायपो ती चालवते. तुमच्या देशाच्या ट्रेडमार्क ऑफिसमार्फत एकच अर्ज जातो, त्यात हवे ते सदस्य देश निवडायचे, आणि मग प्रत्येक देश आपापल्या कायद्याने हो किंवा नाही म्हणतो, त्यासाठी त्यांना 12 किंवा 18 महिने असतात. म्हणजे वायपोकडे नोंद झाली की झालं असं समजू नका. नकार आला तर त्या देशातला वकील बहुतेक वेळा लागतोच आणि तो खर्च वेगळा. मूळ फी ब्लॅक अँड व्हाइट मार्कला 653 स्विस फ्रँक, रंगीत असेल तर 903, त्यावर प्रत्येक देशाची फी. वायपोच्या साइटवर फी कॅल्क्युलेटर आहे, देश आणि क्लास (म्हणजे तुमचा माल कोणत्या गटात मोडतो त्याचा नंबर) टाकून आज रात्रीच आकडा काढून बघा.

पण तुमचा अर्ज अजून मंजूर नाही, ही गोष्ट नीट समजून घ्या. मंजूर नसलेल्या अर्जावरही माद्रिदला जाता येतं, अडचण अशी की आंतरराष्ट्रीय नोंद पहिली 5 वर्षं तुमच्या घरच्या अर्जाला बांधलेली असते. घरी तो नाकारला गेला किंवा कुणी रद्द करवला, तर बाहेरचे सगळे देश एका झटक्यात गेले. 3 महिन्यांच्या आत त्या त्या देशात वेगळे अर्ज करून मूळ तारीख वाचवता येते, पण त्यात पुन्हा पैसे. म्हणून नाव कसं आहे ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, ‘ताजा जॅम’ छापाचं, मालाचं नुसतं वर्णन करणारं असेल तर घरीच हरकत येणार.

दुसरीकडे घड्याळ पण चालू आहे. ट्रेडमार्क-पेटंटसाठीच्या पॅरिस करारानुसार (हवामानाचा तो वेगळा) पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला तर तिथेही तुमची पहिलीच तारीख धरली जाते. तुमचे 4 गेले, 2 उरले. मला विचाराल तर, सध्या गिऱ्हाईक एकाच देशात आहे ना, मग त्या एका देशात ही तारीख मागून थेट अर्ज करा, तो घरच्या अर्जाच्या भवितव्याला बांधलेला राहत नाही. तीन-चार देश झाले की माद्रिद स्वस्त आणि सोयीचं पडायला लागतं.

अर्ज भरताना मालाची यादी मात्र घाईत उरकू नका, खाण्याच्या धंद्यात चुका इथेच होतात. एकच फळ घ्या : ताजं विकलं तर क्लास 31, त्याचा जॅम केला तर 29, रस काढला तर 32, आणि त्याचंच सॉर्बे, म्हणजे फळाचं बर्फासारखं गोठवलेलं गोड, केलं तर 30. तुमचा जॅम 29 मध्ये, तिखट सॉस वगैरे 30 मध्ये. म्हणजे तुम्हाला दोन क्लास आत्ताच लागतात, आणि घरच्या अर्जात एकच टाकला असेल तर माद्रिदला दुसरा घेता येणार नाही, कारण तिथली यादी घरच्या यादीपेक्षा मोठी चालत नाही. पुढच्या वर्षी ज्यूस काढायचा पक्का विचार असेल तर त्याचाही विचार आत्ताच करा, पण उगाच दहा क्लास भरू नका, न वापरलेलं नाव बऱ्याच देशांत 3 ते 5 वर्षांनी रद्द करवता येतं.

अजून एक, मार्क घरी जसा आहे तसाच बाहेर जातो. रंगीत लेबल म्हणून अर्ज केला असेल तर माद्रिदला नुसतं नाव पाठवता येत नाही. लेबल दर दोन वर्षांनी बदलतं, नाव तेच राहतं, त्यामुळे पैसे एकाच अर्जापुरते असतील तर साधं शब्दांतलं नाव घ्या. आणि हे सगळं करायच्या आधी वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, त्यात आपलं नाव आणि त्याच्यासारखं ऐकू येणारी नावं दोन्ही शोधा.

प्रश्न : आमची आंतरराष्ट्रीय नोंद झाली आणि महिन्याभरात ‘पब्लिकेशन फी’ भरा असं मोठ्या शिक्क्याचं पत्र आलं. भरू का?

उत्तर : नका भरू. नोंदी जाहीर होतात, तिथून पत्ते उचलून असली पत्रं पाठवली जातात. वायपो नोंद प्रसिद्ध करायची वेगळी फी मागत नाही आणि अशा पत्रांचे नमुने त्यांनी साइटवर लावलेत, तुमचं पत्र त्यांच्याशी ताडून बघा आणि अकाउंट सांभाळणाऱ्या माणसाला आजच सांगून ठेवा, कारण बिल समजून पैसे पाठवणारा बहुतेक तोच असतो.