तुमच्या शंका: ‘अडलं’ नावाची स्क्रिप्ट

प्रश्न : ताई, मी चार वर्षं बॅकएंडचं (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं) काम करतोय. आपण सुधारावं म्हणून काय नाही केलं! पहाटे उठून कोर्स केले, रोज एक कोडं सोडवायचा नेम धरला, तो एकविसाव्या दिवशी मोडला. आमचे सीनियर म्हणतात, ‘ते सगळं सोड, छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिही.’ (म्हणजे कामं आपोआप उरकणारे छोटे प्रोग्रॅम.) पण दहा मिनिटांचं काम वाचवायला दोन तास स्क्रिप्ट लिहीत बसायचं, यात कसली आलीय सुधारणा?

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे. काम महिन्यातून एकदाच येत असेल तर ते हातानेच उरका. पण मला आजवर सगळ्यात उपयोगी पडलेली स्क्रिप्ट एक मिनिटही वाचवत नाही.

तिचं नाव ‘अडलं’. सहा ओळींची आहे. टर्मिनलमध्ये (कमांड द्यायच्या खिडकीत) हा शब्द टाइप करायचा, पुढे एक वाक्य लिहायचं, एंटर मारायचा. स्क्रिप्ट वाक्याआधी तारीख लावते आणि एका साध्या टेक्स्ट फाइलच्या शेवटी चिकटवून देते. बस्स. फाइल उघडून लिहिता आलं नसतं का? आलं असतं, पण लिहिलं नसतं. अडलेला माणूस चिडलेला असतो, त्याला आणखी फाइल शोधायला लावली की तो नाद सोडतो. निदान मी तरी सोडते.

दोन महिन्यांत 41 ओळी जमल्या. प्रत्येक वाक्याची सुरुवात मी एका शब्दाच्या खुणेने करत असे: टेस्ट, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), वेळ, डिप्लॉय असं काहीतरी. तेवढा शब्द वेगळा काढला, सॉर्ट केला (क्रमाने लावला) आणि युनिक या कमांडला मोजायला लावला. (युनिक फक्त एकाखाली एक लागून आलेल्या सारख्या ओळी एकत्र करतं, म्हणून आधी सॉर्ट. ही जोडी मी कित्येक वर्षं मंत्रासारखी म्हणत होते, कारण त्या दिवशी कळलं.) मी स्वतःला एसक्यूएलमध्ये कच्ची समजत होते, त्याचा कोर्सही घेऊन ठेवला होता. एसक्यूएलची खूण निघाली 3 वेळा. ‘वेळ’ 17 वेळा.

मग त्या सतरा ओळी नीट वाचल्या. एकीत होतं, ‘वेळ – रात्रीचा रिपोर्ट दोनदा गेला, का??’ ज्या देशांत हिवाळ्याआधी घड्याळं मागे घेतात तिथे त्या रात्री एक तास दोनदा येतो. आमचा रिपोर्ट नेमका त्या तासाला लावलेला, आणि आमच्या कोडने दोन्ही तास खरे मानले. दुसऱ्या एका ओळीत मी टाइमझोनचा फरक पूर्ण तासांत धरून बसले होते. नेपाळची वेळ यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) 5 तास 45 मिनिटं पुढे असते, हे मला एका तक्रारीतून समजलं. पुढचा पंधरवडा मी फक्त वेळ शिकले. घडून गेलेल्या गोष्टी यूटीसीत साठवायच्या, दाखवताना वापरणाऱ्याच्या झोनमध्ये दाखवायच्या. पुढच्या वर्षीची भेट नोंदवायची असेल तर स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवायचं, कारण सरकारं घड्याळाचे नियम मध्येच बदलतात.

कोर्स तसाच पडून आहे. तुमच्या सीनियरांच्या मनात हेच होतं की नाही, देव जाणे. पण कोड्यांचा नेम मोडला म्हणून जीव जाळू नका. ती कोडी दुसऱ्या कुणीतरी निवडलेली होती.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनला (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लावली की ढिम्म. एररही दिसत नाही.

उत्तर : क्रॉनला तुमचं टर्मिनल माहीत नसतं. त्याचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, अगदी तुटपुंजा असतो, त्यामुळे कमांड सापडतच नाही. कमांडचा फोल्डरसकट पूर्ण पत्ता लिहा. आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलकडे वळवा, म्हणजे ते निदान रडेल तरी. आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलं असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश द्या. क्रॉन टक्क्याला नवी ओळ समजतं. यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

प्रश्न : जुन्या लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या) फाइल पुसायची स्क्रिप्ट एआयकडून लिहून घेतली. बघताना तरी बरोबर वाटते. चालवू?

उत्तर : थांबा. माझी तर मी स्वतःच लिहिली होती. फोल्डरचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि खालच्या ओळीत त्याचं स्पेलिंग चुकलं. बॅशच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी कधीच न नेमलेलं व्हेरिएबल म्हणजे रिकामी जागा. ‘या फोल्डरच्या आतलं सगळं पूस’चं झालं ‘स्लॅशच्या आतलं सगळं पूस’, म्हणजे अख्ख्या मशीनवरचं. नुसत्या स्लॅशवर आरएम (पुसायची कमांड) अडतं, पण स्लॅशपुढे तारा (*) असला की बिनबोभाट कामाला लागतं. सिस्टीमच्या फाइल पुसायची परवानगी माझ्या खात्याला नव्हती म्हणून मशीन वाचलं. होम फोल्डर गेलं, आणि त्याच्यासोबत पुश न केलेलं (सर्व्हरवर न पाठवलेलं) चार दिवसांचं काम.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅश स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट डॅश यू’ असतं. न नेमलेलं व्हेरिएबल भेटलं की स्क्रिप्ट तिथेच मरते. तुम्हीही ते घाला, आणि व्हेरिएबल अवतरणात ठेवा, नाहीतर नावात स्पेस असलेल्या एका फाइलच्या दोन होतात. स्क्रिप्टमध्ये फाइंड (फाइल शोधायची कमांड) वापरलं असेल तर ‘डिलीट’ कुठे बसलाय ते आधी पाहा. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं. ‘तीस दिवसांहून जुन्या’सारख्या अटीआधी डिलीट आला असेल, तर अट तपासेपर्यंत आजचे लॉगसुद्धा गेलेले असतील. आज त्या जागी ‘प्रिंट’ लिहून चालवा आणि निघालेली यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ती लांबलचक आहे म्हणून मधली सोडू नका, माझं होम फोल्डर मधेच कुठेतरी होतं.